आधी शिक्षकांचा वर्ग, मग मुलांचा
शालेय शिक्षण विभाग, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि महाराष्ट्रातील सर्व मुख्याध्यापकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

बदलापूरची घटना ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाली. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या आवारातच अत्याचार झाला. कळल्यावर पोलिसांना कळवले नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमायला लावली. त्याच ऑगस्टच्या २१ तारखेला आपल्या विभागाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची समिती) यांबद्दल शासननिर्णय काढला. मे २०२५ मध्ये न्यायमूर्तींच्या समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या सूचनाही आल्या.

ही पावले गरजेचीच होती. पण मुलांना शिकवण्याच्या बाबतीत बहुतेक शाळांत प्रत्यक्षात एकच गोष्ट झाली. एक पाहुणे बोलावले, पटांगणात तीन-चारशे मुले बसवली, माइकवरून ‘गुड टच, बॅड टच’ सांगितले, फोटो काढला आणि अहवाल पाठवला. शालेय बालसुरक्षेचे काम करणारे आम्ही प्रशिक्षक, समुपदेशक आणि शिक्षक आपल्याला कळकळीने सांगतो, की हे व्याख्यान थांबवावे. त्याच्या जागी काय हवे, ते पुढे लिहीत आहोत. सगळ्यात महत्त्वाची आहे ती क्रमवारी. मुलांसमोर या विषयाचा पहिला शब्द उच्चारण्याआधी शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची तयारी झालेली असली पाहिजे.

याचे कारण आकड्यांत आहे. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये बाललैंगिक अत्याचार रोखण्यासाठीच्या शालेय कार्यक्रमांचा मोठा आढावा घेतला. त्यात २४ अभ्यास आणि ५,८०२ मुले होती. अभ्यास बहुतेक अमेरिका-कॅनडातले, पण निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत. मुलांचे ज्ञान वाढते, ते सहा महिन्यांपर्यंत टिकते आणि मुले घाबरट होत नाहीत. कार्यक्रमामुळे अत्याचाराचे प्रमाणच घटते, असे म्हणण्याइतका पुरावा मात्र मिळाला नाही. एक परिणाम मात्र दिसला: मुले बोलू लागतात. कार्यक्रम न मिळालेल्या १,००० मुलांपैकी साधारण ४ जणांनी अत्याचार झाल्याचे सांगितले, कार्यक्रम मिळालेल्यांपैकी साधारण १४ जणांनी. हेच प्रमाण धरले तर ३५० पटाच्या शाळेत चार-पाच मुले पुढे येतील. तेव्हा त्यांच्यासमोर कोण असेल? ज्यांना काय करायचे ते माहीत नाही असे वर्गशिक्षक असतील, तर ‘सांग’ म्हणून शिकवलेले मूल सांगून पस्तावेल आणि पुन्हा तोंड उघडणार नाही.

‘गुड टच, बॅड टच’ या शब्दांतही अडचण आहे. अत्याचार करणारा सहसा वाईट वागून सुरुवात करत नाही. तो लाड करतो, खाऊ देतो, मोबाइल खेळायला देतो, क्रिकेटच्या संघात घेतो. स्पर्शाला सुरुवातीला गुदगुल्यांचे किंवा मस्तीचे रूप असते, शरीराला तो सुखद वाटू शकतो. ‘वाईट वाटतो तो बॅड टच’ असे शिकलेले मूल मग म्हणते, मला वाईट वाटले नाही, म्हणजे माझीच चूक. दुसरीकडे, इंजेक्शन दुखते म्हणून पहिलीतली मुले डॉक्टरांचा स्पर्श ‘बॅड’ ठरवतात. आणि ज्यात स्पर्शच नाही, म्हणजे नको ते व्हिडिओ दाखवणे, कपडे काढायला लावून फोटो मागणे, आंघोळ चोरून पाहणे, ते या दोन शब्दांत बसतच नाही.

म्हणून भावनेऐवजी नियम शिकवावा. चड्डी, बनियन किंवा स्लिप यांनी झाकले जातात ते अवयव खासगी. ते कुणी पाहायचे नाहीत, त्यांना हात लावायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि दुसऱ्याचे बघायला किंवा हात लावायला सांगायचे नाही. अपवाद दोनच: लहान मुलाला स्वच्छ करताना, आणि घरचे मोठे माणूस सोबत असताना डॉक्टरांनी तपासताना. कपड्यांवरून केलेला स्पर्शही यात येतो, हे आवर्जून सांगावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा ‘त्वचेला त्वचा लागली पाहिजे’ असा अर्थ काढणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला आहे. मोठ्यांपैकी अनेकांच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही.

दुसरा नियम गुपिताचा. वाढदिवसाची भेट लपवणे ही गंमत, कारण ती थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. शरीराबद्दलचे, फोटोंबद्दलचे किंवा ‘सांगितलेस तर बघ’ असे बजावलेले गुपित ठेवायचे नसते, ते लगेच सांगायचे असते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हा फरक दोन गोष्टी आणि एका बाहुलीच्या मदतीने एका तासिकेत कळतो.

तिसरा भाग अवयवांच्या नावांचा, आणि इथे शिक्षक अडखळतात. हात, पाय, पोट याच दमात लिंग, योनी, गुदद्वार, छाती, कुल्ले हे शब्द यायला हवेत. घरचा शब्द ‘शूची जागा’ असेल तर तो तसाच राहू द्यावा, पण शाळेतला शब्दही मुलाला माहीत हवा. ‘तिथे’, ‘खाली’, ‘नको तिथे’ असे सांगणाऱ्या मुलाचा जबाब पुढे डॉक्टर, पोलीस आणि न्यायालय अशा तीन ठिकाणी कच्चा पडतो. ज्या शब्दाला बाईच लाजतात, तो शब्द वापरून मूल बाईंकडे तक्रार करणार नाही, एवढे साधे आहे.

‘नाही म्हणा, ओरडा, पळा, सांगा’ या चार पायऱ्यांपैकी खरे वजन शेवटच्या पायरीवर ठेवावे. सख्ख्या काकांसमोर, क्लासच्या सरांसमोर किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांसमोर आठ वर्षांचे मूल ओरडू शकत नाही. भीतीने शरीर गोठते. ते मुद्दाम झालेले नसते. म्हणून प्रत्येक सत्रात हे वाक्य आलेच पाहिजे: ‘तुला नाही म्हणता आले नाही, पळता आले नाही, आधी सांगता आले नाही, तरी चूक तुझी नाही. आज सांगितलेस तरी चालेल.’ मग पाच बोटांचा खेळ घ्यावा. कागदावर पंजा काढायचा आणि प्रत्येक बोटावर एका विश्वासाच्या माणसाचे नाव लिहायचे. निदान एक नाव घराबाहेरचे आणि एक शाळेबाहेरचे असावे. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला सांगायचे. ज्या मुलाचा पंजा रिकामा राहतो, त्याच्याकडे शिक्षकांनी त्याच आठवड्यात लक्ष द्यावे.

हे सारे एका तासात होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात चार किंवा त्याहून जास्त सत्रांचे आणि मुलांनी प्रत्यक्ष करून पाहण्याचे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले. आमची शिफारस अशी: पहिली ते चौथीसाठी ३५ मिनिटांच्या पाच तासिका, आठवड्याला एक किंवा दोन. एका वेळी एकच वर्ग, पट ३५ च्या वर असेल तर दोन तुकड्या. वर्गात दोन मोठी माणसे हवीत. एकाने शिकवायचे, दुसऱ्याने मुलांकडे बघायचे. एकाएकी गप्प होणारे, खिदळत राहणारे, पोटात दुखते म्हणून बाहेर जाऊ मागणारे मूल त्यांनी टिपून ठेवावे. दिवाळीनंतर एक तासिका उजळणीची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा, त्या वयाला साजेशा मजकुरासह. पाचवीपासून पुढे वयात येणे, मोबाइल, अनोळखी खात्यांशी मैत्री आणि फोटोंवरून धमकावणे हे विषय वाढवावेत. नववी-दहावीला कायदा सरळ सांगावा: १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती पोक्सो कायदा (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा) मानत नाही.

मुलगे आणि मुली एकत्रच बसवावेत. पाळी आणि स्वप्नदोषाच्या तासिकेनंतर शंकांसाठी वेगळे बसवले तर हरकत नाही. मुलग्यांना मैदानावर सोडून फक्त मुलींना शिकवणाऱ्या शाळांना आम्ही एक आकडा दाखवू इच्छितो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. निम्म्या घटनांत करणारा ओळखीचा आणि विश्वासातला होता. ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका’ एवढ्यावर थांबलेली शिकवण कुठे अपुरी पडते, ते यावरून कळेल.

वेळेकडेही लक्ष द्यावे. शनिवारी, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा शेवटच्या तासाला सत्र घेऊ नये. सत्र ऐकून बोलायला धीर झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळा मिळाली पाहिजे. सकाळची दुसरी तासिका उत्तम. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून तिथे पाचही तासिका त्याआधी संपाव्यात. मागे हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांसाठी तिथेच वेगळी फेरी करावी.

वर्गात ‘असे कुणाबरोबर झाले आहे का, हात वर करा’ असे कधीही विचारू नये. हे अजून होते. मुलाने भर वर्गात सांगायला सुरुवात केलीच, तर ‘हे मला नीट ऐकायचे आहे, तास झाला की आपण दोघेच बोलू’ म्हणून हळूच थांबवावे, आणि तास झाल्यावर खरोखरच बसावे. मुलाच्या अंगावर हात लावून प्रात्यक्षिक करू नये. बाहुली किंवा रेखाचित्र पुरे.

शेवटच्या तासिकेनंतर प्रत्येक मुलाशी एकेकट्याने बोलावे. फक्त ज्यांना बोलायचे आहे त्यांना बोलावले तर उठणारे मूल सगळ्यांना दिसते. म्हणून सगळ्यांना चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर दोन चित्रे, एक ‘मला बोलायचे आहे’ आणि एक ‘आत्ता नाही’. सगळ्यांनी एकावर खूण करून घडी घालून द्यायची. नंतर हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांनाच पाच-पाच मिनिटे बोलावायचे. ३५ मुलांना साधारण तीन तास लागतात, म्हणजे दोन दिवसांत विभागून होते. जागा अशी हवी, की आतले लोक दिसतील पण बोलणे ऐकू येणार नाही. उघड्या दाराचा वर्ग किंवा व्हरांड्याचे टोक चालेल. मुख्याध्यापकांची खोली नको, तिथे मुले शिक्षेला जातात.

आता मोठ्यांच्या तयारीबद्दल. शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पूर्ण दोन दिवस हवेत. पहिला दिवस त्यांच्या स्वतःच्या संकोचासाठी. ते शब्द मोठ्याने उच्चारायचे, एकमेकांना तासिका शिकवून दाखवायची. दुसरा दिवस फक्त मुलाचे सांगणे ऐकण्याच्या सरावाचा. मुख्याध्यापकांनी दोन्ही दिवस बसावे. शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, व्हॅनचालक, क्रीडाशिक्षक, विश्वस्त आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्यासाठी दोन तासांचे वेगळे सत्र असावे. प्रशिक्षणाला आलेल्यांतही कुणी लहानपणी हे सोसलेले असणार. त्यांना न विचारता बाहेर जाण्याची मोकळीक आणि बोलायला एक समुपदेशक हवा.

मूल सांगते तेव्हा मोठ्याने काय बोलायचे, ते पाठ असावे: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. हे थांबावं म्हणून मला आणखी एक-दोघांना सांगावं लागेल, कुणाला ते तुला आधी सांगेन.’ ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते मोडावे लागते. ‘नक्की ना?’, ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे तीन प्रश्न कायमचे बंद. कोण, कुठे, शेवटचे कधी, एवढे कळले की थांबावे. सगळा तपशील खोदून काढणे हे आपले काम नाही. मुलाला तेच पाच जणांसमोर सांगावे लागले की शब्द बदलतात, आणि बचाव पक्ष नेमक्या त्या फरकावर बोट ठेवतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहून सही करावी. ‘काकांनी माझ्या शूच्या जागी बोट घातलं’ असे मूल म्हणाले तर तसेच लिहावे, ‘गैरवर्तन केले’ असे नव्हे.

यानंतर शाळेने ‘अंतर्गत चौकशी’ करायची नाही. आरोपीला बोलावून विचारायचे नाही, समोरासमोर बसवायचे नाही, माफीनामा लिहून घ्यायचा नाही, संस्थेच्या बैठकीची वाट पाहायची नाही. सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच बिघडतात, आणि नेहमी शाळेच्या नावाच्या काळजीपोटी. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली, तरी कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे पोलिसांचे काम आहे. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे त्याच कलमात आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांवरील रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा उभा केला. तातडीने कळवण्याचे महत्त्व त्या निकालात स्पष्ट मांडले आहे.

आरोपी घरातलाच असेल तर घरी आधी फोन करू नये. पोलीस आणि १०९८ ही चाइल्डलाइन यांना आधी कळवून, मुलाला आज कुठे सुरक्षित वाटेल हे बाल कल्याण समितीच्या मदतीने ठरवावे. पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते, ते झाले का हे मुख्याध्यापकांनी विचारावे. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, साध्या वेशात, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी घ्यायचा असतो. ठाण्यातून ‘मुलीला घेऊन या’ असा निरोप आला तर हे कलम दाखवण्याचा शाळेला अधिकार आहे.

पालकसभा मुलांच्या तासिकांच्या आठवडाभर आधी, मजुरीहून लोक परतल्यावर संध्याकाळी घ्यावी. मुलांना दाखवायची चित्रे पालकांना आधी दाखवली की बहुतेक विरोध तिथेच मावळतो. २००७ मध्ये राज्यात लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम गदारोळात थांबवला गेला, त्यात पालकांना साहित्याची नीट ओळख नसणे हेही एक कारण होते, असे आमचे मत आहे.

तक्रारपेट्यांबद्दल थोडेसे. आज बहुतेक पेट्या कार्यालयाच्या दारात, कॅमेऱ्याच्या नजरेत आहेत आणि किल्ली एकाच माणसाकडे. पेटी पाण्याच्या टाकीजवळ किंवा जिन्याखाली न्यावी, दोन कुलपे लावावीत, दुसरी किल्ली सखी सावित्री समितीतल्या शाळेबाहेरच्या सदस्याकडे द्यावी. १०९८ आणि ११२ हे क्रमांक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवावेत. कॅमेरा स्वच्छतागृहात लावता येत नाही आणि मुलाच्या घरात तर मुळीच नाही, हे खर्चाचा हिशेब करताना लक्षात ठेवावे.

दोन शिक्षकांच्या शाळेत हे कसे जमणार, हा प्रश्न रास्त आहे. केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) शेजारच्या शाळांच्या जोड्या लावून शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत तासिका घ्याव्यात. मुलाला बाहेरचे माणूस मिळते, आणि संशय शाळेतल्याच शिक्षकावर असला तरी वाट मोकळी राहते. आश्रमशाळांत मुले रात्रंदिवस तिथेच असतात, म्हणून तिथे महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाची भेट आणि कुणाच्या परवानगीशिवाय वापरता येणारा एक फोन, या दोन्ही गोष्टी तासिकांच्या आधी हव्यात. ऐकू न येणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी चित्रपत्ते आणि सांकेतिक भाषेतले अवयवांचे शब्द परिषदेने तयार करून द्यावेत. वर्गशिक्षकांना ते एकट्याने जमणारे नाही.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडी बंद केली आहे. ज्या वर्गात ‘मोठ्यांना उलट बोलायचे नाही’ म्हणून कान पिळला जातो, त्याच वर्गात दुपारी ‘मोठ्यांना नाही म्हणा’ शिकवले तर मुले कुठला धडा खरा धरतील?

पोक्सो नियम २०२० मधल्या तिसऱ्या नियमाने वयानुरूप अभ्यासक्रम आणि साहित्य तयार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि बालसंरक्षण धोरण प्रत्येक संस्थेने स्वीकारायचे आहे. म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. परिषदेने इयत्तावार तासिकांचा आराखडा मराठीत आणि गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांसह काढावा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी प्रत्येक केंद्रातून चार शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे. कर्मचाऱ्यांचे सत्र आणि पालकसभा झाल्याची नोंद केंद्रप्रमुखांनी तपासल्याशिवाय कोणत्याही शाळेत मुलांचे सत्र होऊ नये. अहवालात फोटो मागू नयेत. किती मुलांशी एकेकट्याने बोलणे झाले आणि कळवण्याजोगी प्रकरणे किती तासांत पोलिसांपर्यंत गेली, हे नावांशिवाय मागावे. आणि ज्या शाळेतून तक्रारी आल्या तिला ‘बदनाम शाळा’ म्हणून नोटीस पाठवणे थांबवावे. तिथली मुले बोलत आहेत.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात महिनाअखेरीस. शिक्षकांचे दोन दिवस त्याआधीच्या आठवड्यात बसतात. तसे पत्र एप्रिलमध्ये निघाले तर ऑगस्टपर्यंत पहिली तासिका होऊ शकते. प्रशिक्षणासाठी आमच्यापैकी जे ज्या जिल्ह्यात आहेत, ते तिथे मानधनाशिवाय यायला तयार आहेत.

आपले,
शालेय बालसुरक्षेचे काम करणारे प्रशिक्षक, समुपदेशक आणि शिक्षक